ऐकू न आलेला निरोप

प्रार्थनेत झोपणारी बाई म्हणून माझी कुठे नोंद नाही, पण ती मी होते. जवळजवळ दोन वर्षं रोज सकाळी मी देवापुढे बसून झोपा काढल्या. आता वय झालं, झोपच येत नाही, तेव्हा हे लिहून टाकायला हरकत नाही.

तेव्हा आमचा मुलूख मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होता. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर. तो तापानं गेल्यावर मिशननं मला वाऱ्यावर सोडलं नाही, बायकांत जाऊन शास्त्र सांगायचं काम दिलं. शिरूरच्या वाटेवरची चार खेडी माझ्याकडे होती. पहाटे दळण करायचं, भाकरी थापून फडक्यात बांधायची, दोन-अडीच कोस तुडवायचे, ज्या वस्तीवर बसू देतील तिथे बसायचं, गाणी म्हणायची, कुणाचं लेकरू तापलं असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि दिवस कलताना परत फिरायचं. बायका मनानं चांगल्या होत्या. वरून ओतून का होईना, पाणी द्यायच्या. पण पायांत गोळे यायचे ते रात्रभर जात नसत. मी तिशीतली होते आणि सत्तरीतल्या बाईसारखी दमलेली होते. वस्तीवर गेले की मी प्रेमाबद्दल बोलायची, आणि बोलता बोलता मनात एवढंच असायचं की या बायकांनी आता उठावं आणि मला इथेच भिंतीला टेकून पडू द्यावं.

अशात नवीन मिसबाई आल्या. विलायतेहून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. उंच, हडकुळ्या, उन्हानं नाक सोललेल्या. मराठी पुस्तकातून शिकलेलं, त्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही सगळे फार बोलता. ते काही खोटं नव्हतं. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे आवाज. ज्याची प्रार्थना लांब त्याचा विश्वास मोठा, असा आमचा हिशेब. पाळक, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, उभे राहिले की जगाच्या उत्पत्तीपासून सुरू करून सरकारच्या आरोग्यापर्यंत सगळं मागून घ्यायचे, तोवर भाकरी करपायची. मिसबाई म्हणाल्या, "रोज सकाळी अर्धा तास स्तब्ध बसा. बोलू नका, मागू नका, गाऊ नका. त्याच्यापुढे नुसते असा."

मला ते ऐकूनच बरं वाटलं. नुसतं असायला त्या काळात मला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं त्यानं काही ना काही करायलाच सांगितलं होतं.

तेव्हा सकाळी घंटा झाली की आम्ही मिशनची आठ-दहा माणसं देवळात जमायचो. देऊळ कसलं, पत्र्याची लांबट खोली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तरट अंथरलेलं. मिसबाई पुढे पाठ ताठ करून बसायच्या आणि डोळे मिटायच्या. मीही मिटायची. पहिले दोन-तीन दिवस मी खरोखर प्रयत्न केला. दळण कमी पडेल का, वहाणेचा अंगठा तुटलाय, असले विचार येत, त्यांना बाजूला सारत बसले. चौथ्या दिवशी विचार आले नाहीत. मला वाटलं, साधलं. मग घंटा झाली आणि कळलं, की हनुवटीवर लाळ आली आहे.

त्यानंतर झोपेनं पाठ सोडली नाही. मी जीभ चावून पाहिली, गुडघ्याखाली खडा ठेवून पाहिला. खड्यावरही झोपले. दळणाच्या आधी उठलेल्या बाईला भिंतीच्या सावलीत, थंडाव्यात, बोलू नको म्हणून बसवल्यावर आणखी काय होणार? मनाला टोचायचं. देवानं अर्धा तास मागितला आणि मी त्याच्यासमोर घोरत होते.

एवढंच असतं तर निभलं असतं. पण मिसबाईंना सहा महिन्यांनी विलायतेच्या मंडळीला कळवायचं असे, की काम कसं चाललंय. तेव्हा त्यांनी ठरवलं, शनिवारी सभा घ्यायची आणि आठवडाभराच्या स्तब्धतेत देवानं ज्याला जे सांगितलं ते त्यानं उभं राहून सर्वांना सांगायचं. मिसबाई ते वहीत लिहून घेणार. हेतू वाईट नव्हता. पण ज्या दिवशी ती वही आली त्या दिवशी आमची स्तब्धता संपली.

पहिल्या शनिवारी, माझ्या नवऱ्याच्या जागी आलेल्या मास्तरांना देव म्हणाला होता, की शाळा लांब पडते, जवळची मिळावी. पाळकांना देव म्हणाला होता, की देवळाचे पत्रे गळतात. देवाला बदल्यांची आणि पत्र्यांची एवढी काळजी असेल असं मला आधी वाटलं नव्हतं. पण कुणी कुणाला हटकायचं नाही. एकदा 'मला ऐकू आलं' म्हटलं की तोंडं बंद. त्याच्यापुढे वाद घालणार कोण? माझी पाळी आली. झोपले होते असं म्हणायची छाती झाली नाही. विधवा बाई, मिशनच्या खोलीत राहणारी. मी म्हणाले, "धीर धरा, असं ऐकू आलं." ते लिहून घेतलं गेलं. मग दर शनिवारी मी असलंच काहीतरी गुळमुळीत सांगायला लागले. प्रीती करा, क्षमा करा. यानं कुणाचं काही बिघडत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती.

देवळात झाडलोट करायला एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणत असे. ती आम्हा सगळ्यांना तुम्ही म्हणायची, अगदी शाळेतल्या पोरांनाही. स्तब्ध बसायच्या वेळी ती दाराशी, खराटा बाजूला ठेवून बसायची. तिचं बसणं कुणी मोजत नसे, आणि शनिवारी तिला कुणी विचारतही नसे. तिचा एकुलता एक मुलगा इंग्रज-जर्मनांच्या मोठ्या लढाईच्या वेळी उमापूरच्या बाजूनं हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात, नगरला गेला, खच्चरांच्या पलटणीत भरती झाला आणि बोटीनं बसऱ्याकडे गेला. सुरुवातीला पत्रं यायची. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. ती मीच वाचून दाखवायची. मग पत्रं थांबली. लढाई संपल्याचं कळलं, बाजूच्या गावातले दोघे परत आले, त्यांना याचं काही ठाऊक नव्हतं. लोकांनी त्याचा विषय काढायचं सोडून दिलं. मनातून सगळे तो मेला असंच धरून चालले होते.

अशाच एका शनिवारी, सोळा दिवस रोज खेड्यांवर चालून, मी सभेला आले होते. अंगात कणकण होती. मिसबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल वर केली. प्रीती, धीर, क्षमा सगळं संपलं होतं. काही म्हणजे काही सुचेना. नजर मागे गेली. मावशी दाराशी कंदिलाची काच पुसत बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "बसऱ्याकडे गेलेला आपला मुलगा परत येईल, असं मला ऐकू आलं."

सगळे आमेन म्हणाले. मिसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी कंदील उचलून बाहेर गेली. तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

दुसऱ्या आठवड्यात तिनं घराच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या. दार पुसून काढलं. मी त्या गल्लीतून जाणं टाळायला लागले. गंमत म्हणा, त्या दिवसापासून मला स्तब्धतेत झोप लागेना. बसले की तिचं ते वर पाहणं दिसायचं. देवापुढे बसण्याऐवजी मी त्या म्हातारीपुढे बसत होते. मिसबाई एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यावर हल्ली एकाग्रता दिसते."

सुगीच्या तोंडाला गावात उंदीर मरायला लागले. आधी आडत्याच्या वखारीत, मग पेठेत, मग आमच्या वस्तीत. दोन घरांत जांघेत गाठी आल्या आणि तिसऱ्या दिवशी माणसं गेली. तहसिलीतून दवंडी फिरली, की गाव रिकामा करा. हे आम्हाला नवीन नव्हतं. प्लेग आला की माळावर कुडाच्या झोपड्या घालायच्या, भांडीकुंडी घेऊन जायचं आणि गाव उन्हाला मोकळा सोडायचा. दोन दिवसांत सगळी आळी माळावर आली.

मावशी आली नाही.

पाळक तिला आणायला गेले. तिनं त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. ते तणतणत आले आणि मला म्हणाले, "तुमचाच प्रताप. म्हणते, बाईच्या तोंडातून देव बोललाय, लेकरू येणार हाय. आलं अन् घराला कुलूप दिसलं तर काय करावं? वर मलाच विचारते, तुमी देवापेक्षा मोठे हाव का? आता यावर काय बोलावं माणसानं?"

मिसबाई गेल्या, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्या परत आल्या तेव्हा गोंधळलेल्या होत्या. तिचा विश्वास मोडायचा कसा, असं त्यांना झालं होतं. मी झोपडीच्या कुडाला धरून उभी होते. आपण एका बाईला मरायला बसवलंय, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणाला न सांगता मी गावात गेले.

रिकामा गाव मी पुष्कळदा पाहिला होता, पण एकटीनं कधी गेले नव्हते. दारं उघडी, चुली थंड, कोपऱ्याकोपऱ्यांतून मेलेल्या उंदरांचा वास. मावशी ओट्यावर सूप मांडीवर घेऊन ज्वारीतले खडे निवडत होती.

"या बाई," ती म्हणाली. "पण लांब बसा."

मी उभीच राहिले. "मावशी, त्या शनिवारी मी बोलले ते खोटं होतं. देव मला काही म्हणाला नाही. मी मनानं रचलं."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाव हाय मला."

"कसं ठाऊक?"

"आवो, तुमी घोरत व्हत्या. मी दाराशी बसते, मला समद्यांच्या पाठी दिसत्यात. तुमची मान अशी डुलायची. एक-दोन बारी वाटलं, आता पडत्यात तोंडावर."

माझं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं जपलेलं गुपित झाडूवाल्या म्हातारीला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कावून बोलू? लई दमून यायच्या तुमी, दिसत न्हाई का मला? अन् समदेच कायबाय सांगत व्हते. मास्तर बदली मागायचा, पाळक पत्रे मागायचे. तुमी मह्या लेकराचं काढलं. तो गेलता तवापसून त्या देवळात त्याचं कुणी काई काढलं नव्हतं."

"मग पाळकांना देवाचं नाव कशाला सांगितलं?"

"तसं म्हणलं की फुडं कुणी बोलत न्हाई." आणि ती हसली. पुढचे दोन दात नव्हते, तरी चांगलं हसली.

मी तिच्याकडे रडत, माफी मागत जाण्याची तयारी करून आले होते. ती कोसळेल, मला शिव्या देईल, मग मी तिला धरून माळावर नेईन, असं मी वाटेत ठरवलं होतं. इथे तर माझ्या पापाला काही भावच नव्हता. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला.

"खोटं आहे हे ठाऊक आहे, तर मग इथे बसलात कशासाठी? चला."

"वाट पाहायला देवाचा निरोप कशाला लागतो, बाई?"

पाय दुखत होते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मग मीही बसते." हे मायेनं म्हटलं नव्हतं. हट्टानं आणि थकव्यानं म्हटलं होतं. परत अर्धा कोस एकटीनं चालायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि तिला तिथे सोडून गेले तर पुन्हा कधी डोळे मिटून बसता येईल असं वाटत नव्हतं.

बसलो. ती खडे निवडत राहिली. माश्या घोंघावत होत्या. समोरच्या घराचं छप्पर वाऱ्यानं थोडं थोडं हलत होतं. कुणाची तरी मागे राहिलेली कोंबडी आली, सुपाभोवती फिरली, निघून गेली. प्रार्थनेचं कुठलं वाक्य मनात आलं नाही आणि मी आणलंही नाही. घाबरले होते. उंदराच्या वासानं मळमळत होतं. पण मी तिथे होते, पुरती तिथे होते, आणि दुसरीकडे कुठे जावं असं वाटत नव्हतं. असं मला त्या तरटावर कधी झालं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तुम्ही तिथे दाराशी बसून काय ऐकत होतात?"

"काई न्हाई. मी ऐकाया बसतच न्हाई. कोण येतंय का, ते पाहते."

ऊन भिंतीवरून उतरून रस्त्यावर आलं, मग पलीकडच्या भिंतीवर चढलं. मावशीनं सूप खाली ठेवलं. "जा आता बाई तुमी. दिस कलला."

"तुम्ही चला मग."

"मी न्हाई येत."

"मग मीही नाही जात."

"पिलेग हाय हितं."

"आहे."

"मरताल."

"मरेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थट्टा करत नाही हे तिला हळूहळू पटलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. चिडली. तिला चिडलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काय गं बये," ती म्हणाली, "एकाची वाट पाहता पाहता दुसरीला मारू का मी? ऊठ! ऊठ म्हणते ना!"

नवरा गेल्यापासून मला कुणी तू म्हटलं नव्हतं. मास्तरीण बाई होते, मिशनच्या बाई होते. मी ओट्यावरच रडायला लागले, आणि ती पुटपुटत घरात गेली, गोधडी आणि तवा घेऊन आली, गोधडी माझ्या डोक्यावर आदळली. माझ्या पुढे तरातरा चालायला लागली. मला तिला गाठता गाठता धाप लागली.

पुढच्या शनिवारी माळावर, झाडाखाली सभा भरली. मिसबाईंनी वही काढली. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, की मला कधीच काही ऐकू आलं नाही, मी दोन वर्षं झोपत होते, आणि मुलाबद्दलचं मी रचलं होतं. पाळकांनी घसा खाकरला. मास्तर जमिनीकडे पाहत राहिले. मिसबाईंनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली आणि विचारलं, "तुम्ही रोज किती चालता?" मी सांगितलं. माझ्याकडची दोन खेडी त्यांनी त्याच आठवड्यात कमी केली. शनिवारची सभा मात्र पुढेही चालू राहिली, कारण विलायतेला काहीतरी कळवावं लागतच होतं. मला फक्त विचारणं बंद झालं.

मी सकाळी बसणं सोडलं नाही. जागा बदलली, दाराशी मावशीच्या शेजारी बसायला लागले. काही दिवस झोप लागायची, काही दिवस लागायची नाही. झोपले तर ती कोपरानं ढोसायची, पण फार दमलेली दिसले तर ढोसायची नाही. देव आला का, असं कुणी विचारलं तर आजही मला ठामपणे सांगता येणार नाही. मी वाट पाहायला शिकले, एवढं खरं. तेही अर्धवटच.

मुलगा आला नाही. कसला कागदही आला नाही. मावशी त्यानंतर नऊ वर्षं जगली आणि मला शेवटपर्यंत तू म्हणाली. शेवटच्या दुखण्यात मी तिच्याकडेच राहायला गेले होते. तो येईल का, असं तिनं मला एकदाही विचारलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, तो येईल असं माझ्या तोंडून निघायला नको होतं."

ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाली, "निघालं ते निघालं. तू आलीस की." आणि तिनं पाणी मागितलं.